मखमलीवरचे ओरखडे

चाळीस वर्षे लोकांच्या खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या माणसाला जगात सरळ असे काही दिसेनासे होते. वरून गुळगुळीत गादी उसवावी, तर आत कुजका काथ्या, गंजलेले खिळे आणि आधीच्या कारागिराची लबाडी. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कारागिराने हाच नियम माणसांनाही लावून टाकला होता. दूधवाला वेळेवर आला तरी त्याला वाटे, यात कुठेतरी पाणी मुरते आहे.

पुढच्या खोलीत त्याचे काम चाले, मागच्या दोन खोल्यांत संसार. संसार म्हणजे तो आणि गेल्या वर्षी नवरा वारल्यावर इकडे आलेली धाकटी बहीण. येताना तिने एक पिशवी आणि एक करडी मांजर आणली. पिशवीबद्दल त्याची तक्रार नव्हती.

वकीलबाईंची खुर्ची कामाला आली तेव्हा संशयाला धार चढली. नव्या हिरव्या मखमलीचे धागे खुर्चीच्या उजव्या हाताखाली ओढलेले दिसले. त्याने तेवढा तुकडा बदलला. दोन दिवसांत पुन्हा तेच. संत्र्याच्या साली ठेवून झाल्या. चिकटपट्टी लावली, ती त्याच्याच पायजम्याला चिकटली. मांजरीने ओरबाडावे म्हणून त्याने लाकडी खांबाला काथ्याचा दोर गुंडाळून तो मागच्या खोलीत उभा केला. तिने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. अखेर तो पुढच्या खोलीचे दार लावून घेऊ लागला. तरीही ओरखडे उमटतच राहिले, आणि बहिणीला त्या दारातून बाहेर येताना त्याने दोनदा पाहिले.

"दार तूच उघडतेस," तो म्हणाला.

"आतून ओरडते ती, म्हणून सोडवते. कोंडायचं तू आणि जाब मला?"

"मी निघतो तेव्हा खोली रिकामी असते."

"मग भिंतीतून जात असेल!"

"कुणीतरी आत सोडतं. घरात माणसं दोन. त्यातला एक मी."

भांडी विसळणारे बहिणीचे हात थांबले. "दादा, आडून बोलू नकोस. मी तुझ्या पोटावर पाय देतेय, असंच ना?"

"शनिवारी बाई खुर्ची न्यायला येतील. त्याआधी मांजर या घरातून जाईल."

"बरं. मग माझीही पिशवी भरते. दोघी बरोबर आलो, बरोबर जाऊ."

संशयाला पुरावा लागत नाही, असे म्हणतात. ते खरे नाही. पुराव्यासाठी संशयी माणसाइतके भुकेले कुणी नसते. पुरावा कुठे सापडला पाहिजे, एवढे मात्र त्याने आधीच ठरवलेले असते. गुरुवारी दुपारी कारागिराने खुर्ची पुन्हा दुरुस्त केली, कापडावर खुणा करण्याचा खडू कुटला, त्याची भुकटी दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर पसरली आणि दार लावून घेतले.

संध्याकाळी पाहतो तो भुकटीवर एकही पाऊल नाही. त्याची जवळजवळ निराशाच झाली.

चढवलेले कापड चार दिवस सैल पडत राहते, म्हणून तो ते रोज तपासत असे. त्याच्या गुरूची शिकवण होती की ताण डोळ्यांना दिसत नाही, नखांना कळतो. तो खुर्चीपाशी वाकला, डोळे मिटले आणि चार बोटांची नखे मखमलीवरून वरून खाली खर्रकन ओढली. आवाज एकसारखा आला. समाधानाने तो बाहेर पडला, दार लावले.

अर्ध्या तासाने आतून म्याव ऐकू आले.

"मी इथेच बसलेय हं, भाजी चिरत!" बहीण ओरडली. "आता तूच उघड."

त्याने उघडले. भुकटीवर त्याची पावले खुर्चीपर्यंत गेली होती, तिथून परत आली होती. जाणाऱ्या प्रत्येक पावलामागे एक इवलेसे पाऊल उमटले होते. तिसऱ्या कुणाचे नव्हते. मखमलीवर त्याच्या चार बोटांच्या रेघा होत्या. त्या जिथे संपत, तिथूनच खाली ओढलेले धागे सुरू होत. आणि टेबलाखालून मांजर त्याच्याकडे पाहत होती, शिकवणीला वेळेवर आलेल्या विद्यार्थिनीसारखी.

बहीण दारात येऊन उभी राहिली. तिने मांजरीकडे नव्हे, फरशीकडे पाहिले.

"ही भुकटी माझ्यासाठी होती ना?"

तो मागे गेला, काथ्याचा खांब उचलून आणला, खुर्चीला लागून उभा केला आणि गुडघे टेकून दोरावरून नखे ओढली. एकदा, दोनदा. मांजर बाहेर आली, अंग ताणून उभी राहिली आणि त्याच्या बोटांखाली तिने आपली नखे रोवली.

"आता म्यावही करून दाखव," बहीण म्हणाली. पण ती हसली नाही.

"शनिवारी... पिशवीचं काय?" त्याने खाली पाहतच विचारले.

"बघू. आधी हे पूस. माझ्या पायाला लागायला नको."

त्याने फडके ओले केले, आणि दारापासून पुसायला सुरुवात केली.