कुमुदबाईंची टकटक

कुमुदबाई माझ्या चाकाच्या खुर्चीच्या हातावर बोटांनी दोनदा टकटक करायच्या आणि विचारायच्या, "येऊ का?" मी "या" म्हटल्याशिवाय त्यांनी खुर्चीला कधी हात लावला नाही. बाकी जग न विचारता ढकलतं, दांड्यांना भाजीच्या पिशव्या अडकवतं. एका लग्नात तर कुणीतरी माझ्या मांडीवर आहेराचे डबे रचले होते. बाई म्हणायच्या, "दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवतो ना आपण? मग ही खुर्ची म्हणजे काय रस्ता आहे?" सोळा वर्षांच्या मुलीनं अशा बाईवर जीव टाकला तर त्यात नवल ते काय!

बाई मूळच्या नागपूरच्या. यजमान इथल्या कारखान्यात इंजिनियर, म्हणून भोपाळला आलेल्या, सोनागिरीत राहायच्या. चालत्या-फिरत्या मुलींना संध्याकाळी घरी कथक शिकवायच्या आणि आम्हा पाचजणींना, म्हणजे ज्यांचे पाय कामाचे नाहीत अशांना, रविवारी सकाळी एका सार्वजनिक सभागृहात. त्याला सतरा पायऱ्या नसतील, पण होत्या त्या आम्हाला अडवायला पुरेशा होत्या. दोन चौकीदार आम्हाला उचलून वर न्यायचे, पोती न्यावीत तसे.

पण आत शिरलं की बाई आणि ताल, बाकी सगळं बाहेर. चाक किती फिरवायचं, हात कुठे सोडायचा आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ब्रेक कसा कट् वाजवायचा, हे त्यांनी स्वतः खुर्चीत बसून शोधून काढलं होतं. "मेघे, ब्रेक ही तुझी टाच आहे. समेवर वाजलाच पाहिजे." तळव्यांना फोड येऊन मी रडायला लागले की म्हणायच्या, "रडायचं तर तालात रड गं. बेताल रडणं आपल्याला नाही चालायचं." मग हसू यायचं आणि रडणं राहून जायचं.

आम्हाला पायऱ्या नसलेला, आमचा स्वतःचा हॉल हवा होता. त्यासाठी पैसे जमवायला दौड काढायचं बाईंच्याच डोक्यातून निघालं. आनंद नगरपासून चार इमलीतल्या साहेबांच्या बंगल्यांपर्यंत त्या दारोदार, कुत्र्यांना न जुमानता हिंडल्या. "सर, दौड़िए. पेट भी घटेगा, पुण्य भी मिलेगा," असं तोंडावर सांगायच्या आणि लोक नावं द्यायचे. टी-शर्टवर माझा फोटो छापला. "तुझा चेहरा हसरा आहे," म्हणाल्या. दौड संपल्यावर मैदानातल्या मंचावर आमचा पाचजणींचा नाच ठरला होता.

मला दौडीचं काही पडलं नव्हतं. मला बाबांना नाच दाखवायचा होता. बाबा कारखान्यात टेक्निशियन. "नाच ठीक आहे, आधी बँकेची परीक्षा दे," हे त्यांचं पालुपद; एकदाही बघायला आले नव्हते. त्या दिवशी मात्र पाळी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पहिल्या रांगेत बसले.

लोक पळायला निघाले तशा बाई माझ्याकडे आल्या. बरोबर संध्याकाळच्या वर्गातली रिद्धी. टकटक नाही, काही नाही. बाईंनी सरळ दांड्या धरल्या. "मेघे, जरा या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बस. तुझी हलकी आहे, रिद्धीला बराबर होईल."

मला वाटलं, रिद्धीला गंमत म्हणून बसून बघायचं असेल. मग बाई खाली बघत म्हणाल्या, "ज्यांनी खर्च उचललाय ना, ते साहेब तालमीला आले होते. म्हणाले, देखने में अच्छा लगना चाहिए, लोग दुखी होकर घर न जाएँ. एकदाच गं. हॉल होऊ दे, मग रोज तूच." दोघा कार्यकर्त्यांनी मला काखांत हात घालून उचललं. बाकी चौघींच्याही खुर्च्या संध्याकाळच्या वर्गातल्या मुलींकडे गेल्या.

माझा चेहरा छातीवर घेऊन माणसं घामेजून परत आली आणि नाच सुरू झाला. रिद्धी छान नाचली, खोटं कशाला बोलू? ब्रेक तेवढा समेच्या जरा मागे वाजला. शेवटी पाचही मुली नमस्कारासाठी सवयीनं उठून उभ्या राहिल्या. चांगल्या दोन पायांवर. लोकांनी टाळ्यांचा नुसता पाऊस पाडला.

बाबांनी विचारलं, "ती खुर्ची तुझीच ना?"

"हो."

"मग तुझा नंबर कधी?"

"झाला," मी म्हटलं. बाबा नंतर कधी आले नाहीत, मी बोलावलंही नाही.

हॉल झाला. उतार असलेला, गुळगुळीत फरशीचा, मागितला होता तस्साच. पहिल्याच रविवारी बाईंनी टकटक केली, "येऊ का?" आणि मी "या" म्हटलं. का म्हटलं? कारण नाचायला दुसरीकडे जाणार कुठे? त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारं कुणी नव्हतं, आणि त्यांच्याइतकं मला कुणी फसवलंही नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, त्यामुळे मला नीट रागावताही आलं नाही.

गेल्या वर्षी बाई मुलाकडे पुण्याला कायमच्या गेल्या. निरोपाचा कार्यक्रम त्याच हॉलमध्ये झाला. बाईंचे केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. माझ्याजवळ उभ्या राहून सगळ्यांना म्हणाल्या, "ही माझी पहिली विद्यार्थिनी. दौडीच्या दिवशी काय नाचली होती! अजून डोळ्यांपुढे आहे. ब्रेक असा समेवर."

"बाई, ती मी नव्हते," मी म्हटलं. "खुर्ची माझी होती."

"काहीतरीच. मी पाहिलंय ना," म्हणत त्यांनी माझा गाल थोपटला. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं आठवत होतं. खोटं बोलत असत्या तर भांडले तरी असते.

लोक टाळ्या वाजवू लागले. मला पुढे न्यायला बाईंनी मागून दांड्या धरल्या आणि खुर्ची ढकलली. विचारलं नाही.

मी ब्रेक लावला.