सुकती हाय, थांबा जरा

हिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी पेज ढवळत होतो. दवाखान्यातून मुलगी रडत बोलत होती, आणि मी मध्येच गॅस बारीक केला... पेज लागू नये म्हणून. हातांना बातमी उशिराच कळते. त्याला आता महिना उलटला. रडून झालंय. तिच्याबद्दल लिहायला बसलो की आधी हसूच येतं, आणि त्याला जबाबदार ती स्वतःच आहे.

मी साताऱ्याकडच्या कोरड्या गावातला, ती बोनकोड्याची, खाडीकाठची. ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या एका कचेरीत मी कारकून होतो, ती टायपिस्ट. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी मी म्हटलं, "चल, सिनेमाला जाऊ." ती म्हणाली, "आता नको, सुकती हाय." मी दोरीवरचे कपडे चाचपून आलो आणि सांगितलं, "सुकलेत की सगळे." ती पोट धरून हसली. सुकती म्हणजे ओहोटी, हे मला त्या दिवशी कळलं. पाणी उतरत असताना नवं काही सुरू करायचं नाही, भरती लागली की मगच हलायचं, हा तिचा नेम. दही विरजणं, नवी साडी नेसणं, इतकंच काय, साहेबांपुढे रजेचा अर्ज ठेवणंसुद्धा. तिथी धरून, बोटांच्या पेरांवर हिशेब करून पाणी कुठं आहे ते ती घरबसल्या सांगायची. सुरुवातीला मी वाद घालायचो. मग लक्षात आलं, यात कुणाचं काही बिघडत नाही. उलट थांबलेल्या वेळात चहा होतो आणि निवांत गप्पाही.

खरी कसोटी लागली ती वाशीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा. माझे थोरले बंधू, दादा, आमच्या लग्नाला आले नव्हते. त्यांनी पाहिलेलं स्थळ मी नाकारलं म्हणून बोलणंच टाकलं होतं. गृहप्रवेशाला मात्र आले, एकटेच, छातीशी देवाची तसबीर धरून. आज रुसून गेले तर पुन्हा उंबरा चढणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. टेम्पोतलं सामान तिसऱ्या मजल्यावर आलं, मी कुलूप काढलं, आणि हिरा जिन्यातच बसली. "सुकती हाय. थांबा जरा."

"गावच्या भटजींकडनं मुहूर्त काढून आणलाय मी," दादा माझ्याकडे बघत म्हणाले. "तो मोडायचा व्हय?"

तिला दटावून आत घेणं सोपं होतं... मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. दादांचा चेहरा लाल झाला. तेव्हा हिरा पदर सावरत म्हणाली, "दादा, मला हितनं दिसत न्हाय. तुमी बगून येता का, पानी फिरलं का ते?"

दादांनी तसबीर माझ्या मांडीवर ठेवली आणि ते जिना उतरले. मला वाटलं, गेले आता थेट गावाला. बऱ्याच वेळाने खालून हाक आली, "पोरी, लागली गं भरती. दगडावर चढाय लागलंय पानी." वर आले तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला. दुष्काळी मुलखातला तो माणूस आपसूक वाढणारं पाणी जन्मात पहिल्यांदा पाहून आला होता. जेवताना दुसरा विषय नाही. त्यानंतर ते दरवर्षी येऊ लागले आणि परतायची वेळ हिरालाच विचारू लागले. पुढे खाडी इमारतींआड गेली, तरी तिचा अंदाज चुकला नाही. मी सुखी होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

तेराव्याला दादा आले होते. थकलेत आता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने पिशव्या खाली नेल्या. चपला घालून दादा दारात थांबले. "पानी कुठं हाय रं आता?"

मी पेरं मोजू लागलो. तिथी आठवेना, कुठून धरायचं तेही कळेना... विचारायला ती होती, मी शिकलो कशाला असतो? "माहीत नाही, दादा," म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

दादांनी चपला काढल्या, आत येऊन खुर्चीत बसले. "मग घाई कशाला करायची?" म्हणाले. "चहा टाक."