तिसऱ्या ओळीनंतरचा श्वास

गाण्याच्या तिसऱ्या ओळीनंतर संडे स्कूलची पोरं थांबतात आणि श्वास घेतात, तेव्हा सगळ्यांचे एवढेएवढे खांदे एकदम वर येतात. काल माझी नात रूथ त्यांना शिकवत होती, "इथं थांबायचं. आपल्या मेथॉडिस्ट चर्चची ही जुनी रीत आहे."

मी मागच्या बाकावर हसू दाबत होते. ही रीत माझ्या उंच टाचेच्या सँडलची! तरुणपणी मी इथं पायपेटी वाजवायचे. तिसरी ओळ उंच चढते, मी जोर लावायचे आणि टाच पेडलमध्ये अडकायची. ती सुटेपर्यंत मंडळी बिचारी थांबायची. पण सँडल बदलेल ती मी कसली? महाराणीच होते!

तेवढ्यात नवे पाळकसाहेब म्हणाले, "पुस्तकात हा थांबा नाही. काढून टाकू या का?"

रूथचा चेहरा उतरला. "आजी, तू सांग ना. जुनी रीत आहे की नाही?"

"जुनी तर! तिच्या जन्माच्या वेळी मी स्वतः हजर होते," मी गंभीरपणे म्हणाले. पाळकसाहेबांनी मान डोलावली.

किती रीतींच्या मुळाशी कुणाची टाच अडकलेली असेल, देव जाणे. गाणं पुन्हा सुरू झालं, मीही सूर धरला. तिसऱ्या ओळीला माझा दम संपला, आणि अख्खा वर्ग माझ्यासाठीच थांबल्यासारखा थांबला.