पाहुण्यांचं पाणी

आमच्या शाळेत प्रथमोपचाराचं शिबिर असलं की सगळ्यात आधी आजारी पडतं ते वेळापत्रक. कार्यक्रम दहाचा, पाहुणे बाराला. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, पुन्हा शाल. ज्यांचा सत्कार राहिला ते रुसतात आणि त्यांच्या रुसव्यावर उतारा म्हणून आणखी एक नारळ फिरतो. तोवर उन्हात बसलेलं एखादं पोर चक्कर येऊन पडतं. दोघं जण त्याला बखोटीला धरून सावलीत नेऊन टाकतात. शिबिरातला खरा प्रथमोपचार म्हणाल तर तेवढाच, आणि तो कुणी कुणाला शिकवलेला नसतो.

मी या शाळेत विज्ञान शिकवते आणि गाइडच्या मुली सांभाळते. शाळा जळकोटच्या अलीकडं, हायवेपासून थोडी आत. मुलं माझ्यामागं मला तिखट बाई म्हणतात हे मला ठाऊक आहे आणि त्यात खोटं काही नाही. निवृत्ती जवळ आली आहे, आता गोड व्हायचा माझा विचार नाही.

शाळेला एक प्रथमोपचार पेटी आहे. ती ऑफिसातल्या कपाटावर असते. खंडेनवमीला प्रयोगशाळेतला तराजू, शिपायाचं खुरपं आणि कॉम्प्युटर यांच्याबरोबर तिचीही पूजा होते. हळदकुंकवाची बोटं तिच्यावर इतकी बसली आहेत की लाल फुली आता शोधावी लागते. पूजेतली वस्तू उगाच हाताळायची नाही, असा आमच्याकडं अलिखित कायदा आहे. पेटीला कुलूप असतं, किल्ली क्लार्ककडं असते आणि क्लार्क कुठं असतो ते देव जाणे.

प्रशिक्षक तालुक्याहून येतात. गळ्यात शिट्टी, छातीवर बिल्ले, आणि एकदा बोलायला उभे राहिले की त्यांना बसवण्याचा उपचार अजून निघालेला नाही. त्यांचा सगळा जीव पट्टीत. जखम कुठं आहे, किती खोल आहे, हे कुणी विचारायचं नाही. घडी किती सरळ आली आणि गाठ कशी बसली यावर स्पर्धेत गुण मिळतात. आमची पोरं डोक्याला पट्टी अशी बांधतात की लग्नातल्या फेटेवाल्यानं खाली मान घालावी. रक्त थांबवायला आधी काय करायचं असं विचारलं तर सगळी आढ्याकडं बघतात. रुग्णही ठरलेला, संस्थेच्या अध्यक्षांचा नातू. गोरा आहे, फोटोत उठून दिसतो. पाचवीपासून त्याचं डोकं दर वर्षी फुटतं आणि दर वर्षी त्याला त्याबद्दल प्रमाणपत्र मिळतं.

भाजण्याचा भाग मात्र हे गृहस्थ दोन वाक्यांत उरकायचे. पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे की भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरावा. ते वाक्य वाचून ते आधी स्वतः हसायचे. म्हणायचे, "हे पुस्तक लिहिणारा काय आपल्याकडचा नाही. वीस मिनिटं पाणी सोडलं तर गावाची पाण्याची पाळी संपली की! आपण आपलं टूथपेस्ट लावायचं, थंड पडतंय." पोरं खदखदायची. मी दर वर्षी उठून सांगायची की टूथपेस्ट दातांना लावतात. ते दर वर्षी म्हणायचे, "बाईंचा मुद्दा नोंद घेण्यासारखा आहे." आणि पुढं जायचे.

पोरांच्या हसण्याचा मला राग यायचा नाही. ज्या गावात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथली लेकरं भांड्यांचं पाणी अंगणात आणि अंघोळीचं पाणी झाडाला, हे बघतच मोठी होतात. त्यांना वीस मिनिटं वाहतं पाणी ही थट्टाच वाटणार. राग यायचा तो त्या थट्टेवर पोट भरणाऱ्या माणसाचा.

मागच्या वर्षीचं शिबिर फेब्रुवारीच्या अखेरीस होतं. ऊन कडक झालेलं. पाहुण्यांच्या गाडीमागं धुरळा उठू नये म्हणून मुख्याध्यापकांनी सकाळीच शाळेची टाकी मोकळी करून सगळ्या मैदानावर पाणी मारून घेतलं. टँकर संध्याकाळी येणार होता. पाहुणे येईपर्यंत मैदान वाळून पुन्हा जसंच्या तसं झालं, धुरळाही उठला, आणि टाकीत आवाज दिला तर घुमत होता. पोरांनी घरून आणलेल्या बाटल्या केव्हाच संपल्या होत्या. व्यासपीठावर मात्र पांढऱ्या टेबलक्लॉथवर सीलबंद बाटल्यांची रांग, आणि मागं सावलीला पाहुण्यांच्या जेवणासाठी आणलेला तोटीचा थंड पाण्याचा जार.

आणखी एक गोष्ट आमच्याकडं ठरलेली असते. प्रात्यक्षिक मुलांनी करायचं आणि चहा मुलींनी द्यायचा. त्यावरून मी आदल्या दिवशी मुख्याध्यापकांशी भांडले. ते म्हणाले, "बाई, मुलींना शोभतं ते." माझ्या गाइडमध्ये नववीतली एक मुलगी होती, हाताची फार चपळ. तिची आई हायवेवरच्या धाब्यावर भाकऱ्या करायची आणि संध्याकाळी ही आईच्या शेजारी बसून थापायची. माय थकली की लेकीच्या हातावर चूल चालायची. तो उजवा हात म्हणजे त्या घराचं निम्मं पोट होतं. तिला त्या दिवशी किटली दिली होती.

खाली अध्यक्षांच्या नातवाचं डोकं फुटलं होतं आणि पोरं त्याला पट्टी बांधत होती. वर ही पोरगी किटली घेऊन व्यासपीठ चढत होती. पाहुण्यांसाठी अंथरलेल्या गालिचाच्या दुमडीत तिचा पाय अडकला. ती पडली नाही, पण किटली कलंडली आणि उकळता चहा तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सांडला. ती ओरडलीही नाही. किटली आधी नीट टेबलावर ठेवली, मग हात धरून खाली बसली.

आणि मग आमच्या शिबिराचं ज्ञान उफाळून आलं. क्लार्कला हाका सुरू झाल्या, तो राहिलेली एक शाल आणायला गेला होता. कुणी म्हणालं शाई लावा, कुणी म्हणालं भंडारा लावा. कुणाच्या पाकिटात अणदूरच्या खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी निघालीसुद्धा. प्रशिक्षकांनी आपल्या बॅगेतून टूथपेस्टची ट्यूब काढली, बोटभर पेस्ट घेतली आणि माइकवरून म्हणाले, "घाबरू नका. आता प्रत्यक्षच बघा."

मी त्यांना बाजूला सारलं. जरा जोरातच सारलं, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. टेबलावरची बाटली उघडून तिच्या हातावर धार धरली. ती संपली, दुसरी उघडली.

मुख्याध्यापक कानाशी येऊन कुजबुजले, "अहो बाई, ते पाहुण्यांचं आहे."

"मग पाहुण्यांना टूथपेस्ट द्या," मी म्हणाले.

तिच्या मनगटात तुळजापूरचा लाल-पिवळा दोरा होता. हात सुजायच्या आत तो काढायला हवा होता. मी कात्री मागितली तर आमचे एक सर म्हणाले, "देवीचा दोरा कापू नये बाई." मी दातानं तोडला. देवीनं आजवर काही म्हटलेलं नाही.

बाटल्या संपल्या तसं मी तिला उठवून मागं जारपाशी नेलं आणि तोटी सोडून हात खाली धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं आता रडेल. ती तोटीखालच्या मातीत जिरणाऱ्या पाण्याकडं बघत होती. एकदम हात मागं ओढायला लागली.

"बाई, पाणी लई चाललंय."

"चालू दे. हात धर."

"बाई, बास की आता. लई वाया चाललंय ओ." आणि मग, अगदी गयावया करत, "निदान खाली घमेलं तरी ठेवा."

माझ्या डोळ्यांत पाणी यायची सवय मोडून बरीच वर्षं झाली, पण तेव्हा आलं. लेकराच्या हाताची कातडी लाल होऊन तट्ट फुगली होती आणि तिचा जीव अडकला होता मातीत जाणाऱ्या पाण्यात. आम्ही सकाळी टाकीभर पाणी धुरळ्यावर ओतलं, तेव्हा आमच्यातल्या एकाचाही जीव असा तुटला नव्हता. मी ओरडून घमेलं मागवलं. ते खाली ठेवल्यावर तिनं हात ओढायचं थांबवलं आणि धार संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

प्रशिक्षकांच्या बोटावर पेस्ट तशीच होती. त्यांनी ते बोट घमेल्यात बुडवून धुतलं.

दवाखान्यात न्यायला पाहुण्यांनी आपली गाडी दिली, तेवढं श्रेय त्यांना देते. पण गाडीत बसायच्या आधी कार्यक्रमाला आलेल्या वार्ताहरानं थांबवलं. प्रसंग घडला आहे तर फोटो हवा. भाजलेल्या हाताला मी कुणाला शिवू देणार नव्हते. मग प्रशिक्षकांनी तिचा डावा हात घेतला, धडधाकट, आणि त्याला त्रिकोणी पट्टी बांधली. घडी सरळ, गाठ सुरेख. दोन दिवसांनी बातमी आली की शिबिरातल्या प्रशिक्षणामुळं विद्यार्थिनीवर तत्काळ उपचार. फोटोत ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. मी ओल्या फडक्यात गुंडाळलेला उजवा हात पाठीमागं होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी घातलं हे बरं केलंत, पण मनगटाचं आताच सांगता येत नाही. कातडी आखडली तर हात पूर्ण वळणार नाही. ते दिवस मला फार जड गेले. तिची आई शाळेत आली, मला वाटलं आता शिव्या देईल, दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "बाई, भाकर थापंल का हो ती?" मुख्याध्यापक मात्र म्हणाले, "देवाच्या दयेनं मोठं काही झालं नाही." ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

हात वळला. मनगटापासून वर एक तपकिरी डाग राहिला, पण भाकरी थापता येते. पहिली भाकरी तिनं मला आणून दिली, कडेला जरा फाटलेली. मी स्टाफरूममध्ये कुणाला न देता एकटीनं खाल्ली.

शाळेनं या सगळ्यातून धडा घेतला नाही असं कसं म्हणू? यंदाच्या शिबिरात चहा कोमट होता.

बाकी सगळं तेच. सडा तोच, शाली त्याच, पांढऱ्या कापडावर बाटल्यांची रांग तीच. मुली मात्र मी या वेळी खाली पहिल्या रांगेत बसवल्या, किटली शिपायानं धरली. प्रशिक्षकही तेच. मागच्या वर्षीची बातमी त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून आणली होती, ती उंच धरून सगळ्यांना दाखवली. मग पुस्तक उघडून विचारलं, "भाजलं तर सगळ्यात आधी काय लावायचं?"

पोरं ओरडणार एवढ्यात ती मुलगी, आता दहावीत गेलेली, उभी राहिली. उजवा हात वर, बाही सरकून डाग उघडा पडलेला.

"लावायचं न्हाय काय. पाणी धरायचं, वीस मिनिटं."

प्रशिक्षक सवयीनं हसले. "आणि आपल्याकडं एवढं पाणी असतंय कुठं?"

तिनं वर केलेला हात खाली घेतला नाही, नुसता व्यासपीठाकडं वळवला.

"पाव्हण्यांच्या टेबलावर असतंय की, सर."