लोखंड नसलेली कडी, चारकोप

उपकरणात बसवायच्या दोन कड्या नापास झाल्या होत्या. तिसरीही झाली तर मेधाचा भाग प्रयोगातून वगळू, असं तिच्या परदेशातल्या गटाने कळवलं. माझी ही धाकटी बहीण सुट्टीवर मुलुंडला आली होती. म्हणाली, "कडी इथेच करून घेतलीय. चारकोपला चल."

मी मराठी शिकवते. तरी गेले.

मुलुंडहून निघायचं तर सकाळी आठच्या आत निघा. पवईमार्गे रिक्षाचे साडेपाचशे झाले. वाटेत तिने प्रयोग समजावला. न्यूट्रॉनवरचा एकूण विद्युतभार शून्य. पण आतला धन भार किंचित एकीकडे आणि ऋण भार दुसरीकडे सरकलेला असेल तर? तसं सापडलं, तर विश्वात पदार्थ आणि प्रतिपदार्थ एकमेकांना संपवून न टाकता पदार्थ शिल्लक का राहिला याचा धागा मिळेल. आजवर सापडलेलं नाही. उपकरणात लोखंडाचा कण राहिला, तर त्याचं चुंबकत्व खोटी खूण दाखवतं.

"इतकी वर्षं काही नाही मिळालं, मग सोड ना."

"ते नाही असं मोजून दाखव, मग सोडते."

औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी घावणे-चटणी मिळते. खाऊनच आत जा.

लेथवर कातकाम करणाऱ्या सावंतकाकांच्या गाळ्यात ॲल्युमिनियमची कडी तयार होती. नव्या हत्याराने कातलेली, आरशासारखी. मेधा हात पुढे करणार, तोच काकांनी पोलादी पंच ठेवून हातोडी मारली. कडीवर 'सा' उमटला.

"काका! काय केलंत?"

"माझो शिक्को आसा तो. शिक्क्याशिवाय माझ्या गाळ्यातसून वस्तू भायर जाणा नाय."

"पोलादाचे कण गेले आत."

"दिसतत खंय?"

गाळ्यातल्या मोटरींमुळे तिथे चुंबकत्वाची मोजणी होईना. आम्ही तिघं जवळच्या बागेत गेलो. मोबाइल, किल्ल्या, काकांचा पट्टा, सगळं माझ्या पिशवीत. मला वीस पावलं लांब उभं केलं. मेधा गवतावर बसून मापकाखाली कडी फिरवू लागली.

फिरायला आलेल्या एक काकू थांबल्या. "सोनं खरं आहे का बघताय?"

"लोखंड आहे का बघतोय."

"अगं, मग भंगारवाल्याला विचार की!"

'सा' मापकाखाली आला आणि आकडा एकदम वर उडाला. मेधाने पुन्हा फिरवली. पुन्हा उडाला. काका कडी उचलून म्हणाले, "अर्धो मिलिमीटर काढलंय तर?"

"चालेल. पण शिक्का जाईल."

"जांव दे. पण माझ्या कामात कण रवता कसो, ताच बघतंय."

गाळ्यात परतून, नवं हत्यार लावून त्यांनी आपलंच अक्षर कातून टाकलं. उरलासुरला कण विरघळावा म्हणून मेधाने कडी आम्लात धुतली. बागेत परत. दहा फेऱ्या. आकडा हलला नाही.

"काय दिसला?"

"काहीच नाही, काका."

"मगे हसतंस कित्याक?"

परतीला मेट्रो घ्या: आधी अंधेरी, मग घाटकोपर. पुढे मुलुंडची बस. स्वस्त पडतं, गारही.

त्या दिवसातली एक गोष्ट माझ्याकडे राहिली. काहीच न दिसण्यासाठी दोन माणसं इतकी इरेला पेटलेली मी आधी पाहिली नव्हती. घरी मेधा कडी सुती कापडात गुंडाळत होती. आईने विचारलं, "एवढं करून तिकडेही शून्यच आलं तर?"

"तर याहून बारीक मोजू," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.