पायाखालच्या पत्र्यावरचे ठोके

ती जीपची केस आठवली की आजबी माझे पाय आपोआप वर उचलतात. रिटायर झाले, सहाय्यक फौजदार म्हणून सलामी घेऊन घरी आले, पण पायाला ते ठाऊक न्हाई.

लातूर जिल्हा नवा नवा झालेला. हापिसं नवी, पाट्या नव्या, साहेब नवे, अन् गाड्या मातर न्हाईत. त्यात दुष्काळ. जिथं तिथं टँकर, टँकर तिथं भांडण, भांडण तिथं पोलीस. मी सातवी पास. मालक पोलिसात व्हते, ते वारले म्हणून त्यांच्या जागी मला घेतलं. लेकरू अंगावर पीत व्हतं. ठाण्याच्या मागं क्वार्टर, लेकरू सासूबाईपाशी ठेवून मी ड्युटीला यायची अन् दिवसभर भ्यायची. साहेब खाकरले तरी मला वाटायचं नोकरी गेली.

तहसीलच्या पत्र्याच्या शेडात एक जुनी जीप उभी व्हती. चारी चाकांना जोर लागायचा असली, गेरचे दोन-दोन दांडे असल्याली. कैक वर्सं हलली नव्हती, सीटमधी उंदराची बिळं. ती बंदोबस्ताला काढायची म्हणून वरून हुकूम आला. शेडाच्या राखणदाराला गाडीचं काम येत व्हतं, त्यानं ती चालू केली.

पहिल्याच दिवशी मी मागं बसले, पुढं आमचे ड्रायव्हर मामू. माळावरून उतार लागतो, खाली नाल्याजवळ टँकर थांबायचा. माळावर शेळ्या आडव्या आल्या, मामूनं ब्रेक दाबला, मी पुढच्या सीटवर आपटले. मामू म्हणले, "बेटी, ब्रेक तर लई खासा हाय बुढीचा!" अन् मंग उतार लागला अन् गाडीनं धरलंच न्हाई. मामू ब्रेक मारून राहिले, हँडब्रेक ओढला, गेर खाली टाकला, इंजिन नुसतं बोंबलतंय अन् गाडी पळतीय. चारी चाकांचा दुसरा दांडा ओढला तर तो जाम. खाली बायका, लेकरं, घागरी. मामूनं गाडी नाल्यात घातली. मामूचा हात मोडला, एका म्हाताऱ्याच्या पायावर गाडीनं उडवलेला दगड बसला, घागरींचा चुराडा झाला. मी ओरडायचंबी इसरले.

जीप बैलांनी ओढून ठाण्यात आणली. पंचनामा झाला. ब्रेकचं तेल नेणारा पाइप तुटल्याला. इंजिनाचा जोर मागच्या चाकाला नेतो तो लोखंडी दांडा, शाफ्ट म्हणतात, तोबी निसटून लोंबत व्हता. नाल्यात पडल्यावर निसटला असंल, असं समद्यांनी धरलं.

सांजच्याला खबर आली. खबर देणारा शेडासमोरचा चहावाला. "साहेब, राखणदारानं पाइप कापलाय. माझ्या डोळ्यानं बघितलं, गाडीखाली घुसला व्हता. अन् आदल्या दिवशी टँकरवर पोलिसांना शिव्या देऊन राहिला व्हता."

राखणदार बौद्धवाड्यातला. धरून आणला. हवालदार म्हणले, तीनशे सात लावू, पोलिसाला मारायचा बेत. म्हणजे हा माणूस वर्सानुवर्सं आत. चौकशीला मी दाराशी उभी.

"गाडीखाली घुसला व्हतास?"

"घुसलो साहेब. ब्रेकच्या पाइपातली हवा काढली, नवं तेल टाकलं."

"हवा काढली म्हणं!" हवालदार म्हणले. "आता तुझी काढतो."

"टँकरवर काय बोललास?" साहेबांनी इचारलं.

"बोललो. आमच्या वाड्यात टँकर आलाच न्हाई, मंग काय ओवाळू? म्हणलो, ह्यांची गाडी नाल्यात जावो."

"अन् गेली की!"

"साहेब, माझ्या बोलण्यानं होतं तर म्या आधी पाऊस न्हाई का पाडला असता?"

हवालदारानं हात उगारला, साहेबांनी थांबवला. पण लॉकअपमधी टाकला.

सकाळी त्याची बायको लिंबाखाली बसलेली, कडेला लेकरू, माझ्या लेकराएवढंच. मी पाणी दिलं. ती म्हणली, "बाई, तुमी त्या गाडीत व्हत्या न्हवं? मंग तुमाला कुनीच कसं काई इचारलं न्हाई?"

खरंच कुनी इचारलं नव्हतं. भ्यालेली बाई, हिला काय इचारायचं, असं झालं असंल. साहेबाच्या इचाराच्या आड बोलायचं म्हणजे नोकरीवर पाणी. पण ते लेकरू मला दिसून राहिलं व्हतं. गेले आत अन् एका दमात बोलून टाकलं, "साहेब ब्रेक जायच्या आधी माझ्या पायाखाली काईतरी धाडधाड वाजलं पत्र्यावर कुनी हातोडा मारावा तसं अन् मंग मामू म्हणले ब्रेक गेला."

"आधी का नंतर? नीट सांगा."

"आधी, साहेब. लेकराची शपथ."

"माळावर शेळ्या आल्या तेव्हा ब्रेक लागला?"

"लागला. नाक सुजलंय माझं."

साहेब म्हणले, "पाइप शेडात कापला असता तर माळावर ब्रेक कसा लागला?" अन् टोपी काढून सोता जीपखाली घुसले. माझ्या पायाच्या जागी पत्र्याला खालून पोचे, एक न्हाई, लागोपाठ. फिरत्या शाफ्टनंच मारल्याले. गाडी नाल्यात थांबल्यावर शाफ्ट फिरल कशाला? पाइपचं टोकबी कापल्यावानी न्हवतं, चेपून फाटल्यालं.

लातूरहून वर्कशॉपचा मिस्त्री बोलावला, त्यानं खोलून दाखवलं. गाडी कैक वर्सं उभी राहिल्यानं शाफ्टचा जोड आतून गंजून लाल झाल्याला, ग्रीसचा पत्ता न्हाई. उतारावर तो तुटला, सुटल्याला शाफ्ट गरगर फिरत पाइपवर बसला. ह्या गाडीचा हँडब्रेकबी त्याच शाफ्टला धरतो, अन् इंजिनाचा दाबबी त्याच्यातूनच चाकाला जातो. एक जोड तुटला अन् ब्रेक, हँडब्रेक, गेर, तिन्ही गेले. मामू दवाखान्यात घसा फोडून सांगत व्हते की काईच धरलं न्हाई, तर समदे म्हणायचे चूक झाकून राहिला.

साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला, राखणदाराला सोडलं. चहावाल्याला परत बोलावलं, "कापताना बघितलं?" तो म्हणला, "घुसताना बघितलं साहेब. कापल्याबिगर कोन घुसल?"

तो खोटा न्हवता. बघितल्यालं अन् वाटल्यालं त्यानं एकाच घोटात सांगितलं, अन् आम्हीबी तसंच लिहून घेतलं. पुढं सगळ्या नोकरीत मी जबाब घेताना हे दोन येगळे करत गेले. हे बघितलं का वाटलं? अन् आधी काय झालं? अन् जो कोपऱ्यात भिऊन उभा हाय त्याला पहिलं इचारायचं, त्यो तिथं व्हता म्हणूनच भ्यालाय.

जीप दुरुस्त झाली. साहेब म्हणले, त्याच उतारावरून नेऊन बघा. मिस्त्री चालवायला बसला, पण मागं कुनी बसंना. राखणदार म्हणला, "नवा जोड म्या बसवलाय, म्या बसतो," अन् मागं जाऊन बसला, अनवाणी पाय बराबर त्याच पोचलेल्या पत्र्यावर टेकून. माझ्याकडं बघून म्हणला, "या की बाई."

मी गेले. त्याच्या शेजारी बसले. पाय मातर वर घेऊन.