जपानीची वही
परवा रद्दीत माझी जपानीची वही चुकून गेली आणि मी पुंडलिकनगरभर रद्दीवाल्यामागं पळालो. वेरूळला गाइड व्हायचं म्हणून दोन वर्षं मी कैलास लेण्याची माहिती जपानीतून घोकली होती. पहिल्याच दिवशी, तापलेल्या दगडांमधे, एक जपानी आजी मधेच काहीतरी विचारू लागल्या. पाठांतर तुटलं, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. असं तीनदा झालं. शेवटी चौकीदार ओरडला, “साब, बस करो! इनके बडे मियाँ उधर चक्कर खाके गिरे!” त्याला जपानीचा एक शब्द येत नव्हता. आजोबा सावरले, मी मात्र पुन्हा तिकडं गेलोच नाही. वही परत कपाटात ठेवताना बायकोचं त्या संध्याकाळचं बोलणं आठवलं, “भाषेचं राहू द्या हो, त्यांच्या तोंडाकडं तरी बघायचं होतं.”